गौरीला झोका कोणी दिला

नातवंडांनो, तिकडे परदेशात तुमचे बाबा हे तुम्हाला वाचून दाखवतील, आणि वाचताना स्वतःबद्दलचा भाग आला की घाईने पुढे जायला बघतील. त्यांना थांबवा आणि तो भाग पुन्हा वाचायला लावा. मी सगळं जसं घडलं तसंच लिहिलं आहे.

गेल्या वर्षी मला चक्कर येऊन मी न्हाणीघराच्या दारात पडले, हे तुम्हाला माहीत आहे. हाड मोडलं नाही, पण कपाळाला चार टाके पडले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागचे हलले की माणसाला घर फिरल्यासारखं वाटतं. त्यांनी मानेचे व्यायाम दिले आणि एक गोष्ट पाठ करून घेतली. चक्कर आली की जवळचं काहीतरी घट्ट धरायचं, डोळे मिटायचे आणि वीसपर्यंत आकडे मोजायचे. औषध संपलं, व्यायाम मी अजून करते.

त्याच वेळी तुमच्या बाबांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. पुन्हा एकदा चक्कर आली, तर ती मी लपवायची नाही, आणि मिरा रोडचं घर बंद करून पुण्याजवळ त्यांनी बघून ठेवलेल्या ज्येष्ठांच्या निवासात राहायला जायचं. तिथे प्रत्येक खोलीत बोलावण्याची घंटा आहे, खाली नर्स आहे, बाग आहे. जागा चांगली आहे, मी फोटो बघितले आहेत. पण मला जायचं नव्हतं. इथे मी अठ्ठावीस वर्षं राहते. तुमचे आजोबा इथेच गेले. माझी भाजी, माझी बँक, माझी पुस्तकं बदलून देणारं वाचनालय, सगळं पायी जाण्याइतकं जवळ आहे. तरी वचन मी दिलं, कारण तुमचे बाबा फोनवर गप्प झाले होते आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. त्यांच्या लहानपणापासून, माझ्या नव्हे.

आता यंदाच्या चैत्रातला तो शुक्रवार.

चैत्रात आपल्याकडे गौर बसते. तुमच्या आईने तुम्हाला दाखवली असेल. अन्नपूर्णेची छोटी पितळी मूर्ती, तिला पितळी साखळ्यांच्या झोपाळ्यात बसवायचं, महिनाभर रोज फुलं वाहायची आणि शक्यतो मंगळवार-शुक्रवार बघून एक दिवस बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. आलेली प्रत्येक बाई गौरीला बोटाने हलकासा झोका देते. कैरीची डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. त्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू होतं; तुमचे आजोबा गेल्यावरही मी ते सोडलं नाही, आणि इथल्या बायकांनी मला बोलवायचं सोडलं नाही. हरभरे आदल्या दिवशी केबिन रोडवरून आणून भिजत घातले होते. सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होते.

आणि पायाखालची फरशी सरकली.

दुसरा शब्द मला सापडत नाही. होडीत उभं राहिल्यावर पायाखाली जसं होतं तसं, एकदा डावीकडे, मग उजवीकडे, हळू. मी दोन्ही हातांनी ओटा धरला, डोळे मिटले आणि मोजायला लागले. नऊपर्यंत आले तेव्हा सगळं थांबलं होतं. डोळे उघडले तर बाहेरच्या खोलीत गौरीचा झोपाळा हलत होता. घड्याळाकडे बघायचं मला सुचलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं की नेमके किती वाजले होते, तिलाच वेळ सांगता येईना.

हे आयुष्यभर विचारणं म्हणजे काय, ते सांगते. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात एकतीस वर्षं काम केलं. कोणाच्या दुकानाला आग लागली, कोणाच्या ट्रकला अपघात झाला, की कागद माझ्या टेबलावर यायचे. त्या कामात एक शिस्त मी शिकले. माणसाला आपलं उत्तर आपल्या प्रश्नातून द्यायचं नाही. "आग स्वयंपाकघरातून लागली का?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो. "तुम्ही तेव्हा कुठे उभे होता?" असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं.

त्या शिस्तीप्रमाणे मी स्वतःकडे बघितलं, तर माझा दावा अगदीच कच्चा होता. झोपाळा हलताना दिसला, पण चक्कर आलेल्या माणसाला सगळंच हलताना दिसतं. ओट्यावर पन्हं सांडलं होतं, पण ओटा धरताना माझाच हात पातेल्याला लागला असेल. साक्षीदार कोणी नाही. दोनच शक्यता होत्या. एक तर जमीन हलली होती, नाहीतर माझं डोकं. पहिली असेल तर मी घरात राहणार होते, दुसरी असेल तर मला बॅग भरायला हवी होती.

संध्याकाळी बायका आल्या आणि मी नेमकी तीच चूक केली जी मी नव्या कारकुनांना करू देत नसे. डाळीच्या वाट्या देता देता मी सगळ्यांना एकदमच विचारलं, "आज सकाळी भूकंप जाणवला का गं कोणाला?"

सगळ्या हसल्या. "काकू, मेट्रो असेल," एक म्हणाली. "आमच्याकडे तर खुर्ची हलली तरी मी म्हणते मेट्रो," दुसरी म्हणाली. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा मोठ्या रस्त्यावर मेट्रोचे खांब रोवत होते आणि दिवसभर कपाटातली भांडी वाजायची, आठवतं का? ते काम कधीच संपलं. आता वर गाडीसुद्धा धावते. पण इथल्या माणसांची सवय गेलेली नाही. काही थरथरलं की मेट्रो, आणि पुढे विचार करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमच्याकडे शुक्रवारची रात्र होती तेव्हा, मी तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं. वचनात लपवायचं नाही असं होतं.

"किती वेळ टिकली चक्कर?" त्यांनी विचारलं.

"चक्कर होती की नाही तेच मला ठरवायचंय."

"आई."

"पेपरात आहे. उत्तरेला डहाणूच्या बाजूला काल हादरे बसले."

मी फोन धरून बसले, त्यांनी तिकडे कॉम्प्युटरवर शोधलं. "बसलेत," ते म्हणाले. "पण या आठवड्यात तिथे रोजच बसतायत. काल एकट्या दिवसात तीन आहेत. पहाटे एक, अकरा वाजून अकरा मिनिटांनी एक, संध्याकाळी एक. सगळे छोटे. ते ठिकाण तुझ्यापासून किती लांब आहे बघ. तुझ्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाला जाणवलं?"

"नाही."

"तुला किती वाजता झालं?"

"अकराच्या मागेपुढे."

"मागेपुढे," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. तो मऊपणा मला जास्त लागला. शेवटी ते म्हणाले की पुण्याच्या जागेला ते पुढच्या रविवारी होकार कळवतील, नाहीतर खोली जाईल. मी म्हटलं, "तर मग माझ्याकडे आठ दिवस आहेत." ते हसले. मी हसले नव्हते.

मी एक वही काढली. पानावर आपल्या सोसायटीचा नकाशा काढला. तुम्ही बघितलंच आहे, गेटमधून आत आलं की डाव्या हाताला ए विंग आणि उजव्या हाताला आपली बी विंग, मध्ये मोकळी जागा. दोन्ही सात मजली, एकाच वर्षी बांधलेल्या, खाली गाड्या ठेवायला नुसते खांब. मी प्रत्येक मजल्याची चौकट आखली. चैत्र असल्यामुळे माझं काम सोपं होतं. रोज कोणाकडे तरी बोलावणं यायचं, आणि जिथे जाईन तिथे गौर झोपाळ्यात बसलेली असायची. शेजाऱ्यांची चौकशी करत फिरणारी म्हातारी लोकांना आवडत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या म्हातारीला मात्र खुर्ची मिळते आणि वर पन्हं मिळतं. भूकंप हा शब्द मी तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं.

सोमवारी ए विंगमध्ये दोन घरी गेले. पहिल्या घरची बाई त्या शुक्रवारी अकराच्या सुमारास गौरीसमोर बसून मोगऱ्याचा गजरा करत होती. मी तिला फक्त विचारलं की सकाळ कशी गेली. तिने सगळी सकाळ सांगितली, अगदी दुधाच्या पिशवीपासून. झोपाळा हलल्याचं त्यात कुठे नव्हतं. दुसऱ्या घरीही नाही. वहीत दोन 'नाही' लिहून मी उतरले, आणि खरं सांगते, जिना उतरताना मी कठडा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. माझाच माझ्यावरचा विश्वास कमी झाला होता.

मंगळवारी आपल्याच विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बोलावणं होतं. ते कुटुंब मूळचं रत्नागिरीकडचं. सासू, मुलगा आणि सून. सून घरूनच ऑफिसचं काम करते, कॉम्प्युटरवर. दोघी बायका गोड आहेत, पण त्या दिवशी घरात शिरताच कळलं की काहीतरी बिनसलंय. सून डाळ आणून ठेवायची, सासू ती वाटी उचलून दुसऱ्या जागी ठेवायची.

मी गौरीला हळदकुंकू लावलं, झोका दिला. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निदान तुम्ही तरी अंघोळ करून आलात. आमच्याकडे झोके द्यायला वेळ असतो, अंघोळीला नसतो."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, मी हात लावलेला नाहीये. किती वेळा सांगू?"

"मग काय गौर आपोआप झोके घेते?"

"मला काय माहीत काय घेते."

"ऐकलंत? हे असं उलट बोलणं. चार दिवस झाले, अजून कबूल होत नाही."

मी डाळीचा घास गिळला. चार दिवस म्हणजे शुक्रवार. विचारायला जीभ शिवशिवत होती, पण दोन साक्षीदारांना समोरासमोर कधी विचारायचं नसतं. पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेले आणि सुनेला म्हटलं, "काय झालं गं शुक्रवारी?"

"काकू, तुम्हीच सांगा. मी मीटिंगमध्ये होते, आतल्या खोलीत, दार बंद. अंघोळ राहिली होती, ते खरं आहे, सकाळी लवकर लॉगिन करायचं होतं. माझीच पाळी होती बोलायची, मी बोलतेय, आणि आई बाहेरून ओरडतायत, 'पारोशानं गौरीला झोका कोणी दिला?' माझा माईक चालू. सगळ्या टीमनं ऐकलं."

"अगं बाई."

"चेन्नईच्या एकानं तर चॅटमध्ये लिहून विचारलं, पारोसा म्हणजे काय. मी काय सांगू त्याला? इंग्रजीत लिहिलं, अंघोळ न केलेला माणूस."

मी ग्लास खाली ठेवला. "ते चॅट अजून आहे तुझ्याकडे?"

तिने मोबाइल पुढे केला. त्या माणसाच्या प्रश्नासमोर वेळ छापलेली होती. अकरा वाजून बारा मिनिटं.

तुमच्या बाबांनी वाचलेली यादी माझ्या वहीत होती. दुसरा हादरा अकरा वाजून अकरा मिनिटांनी. तिकडून इकडे यायला त्याला थोडा वेळ लागला असणार, सासूबाईंना तो झोपाळा दिसायला थोडा, आणि चेन्नईच्या माणसाला गोंधळून टाइप करायला थोडा. मी सुनेला सांगितलं, "तुझ्या सासूबाईंना आत पाठव, आणि तू बाहेर बायकांकडे बघ."

सासूबाईंना मी विचारलं की त्यांनी झोपाळा बघितला तेव्हा त्या कुठे होत्या. त्या म्हणाल्या, बाहेरच्या खोलीत पाटावर बसून हरभरे निवडत होत्या. मान वर केली तर झोपाळा हलतोय, आणि चांगला हलतोय. खोलीत दुसरं कोणी नाही. दोन मिनिटांपूर्वी सून पाणी प्यायला बाहेर येऊन गेली होती.

"दोन मिनिटांपूर्वी दिलेला झोका इतका वेळ टिकतो का हो?" मी विचारलं. उत्तर प्रश्नातून दिलं, हे मला कळलं, पण तोवर साक्ष पुरी झाली होती.

त्या विचार करत राहिल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, माझा ओटा, माझे नऊ आकडे. त्या ऐकून पदराने ओठ पुसत म्हणाल्या, "म्हणजे धरणी हलली?"

"हो."

"आणि मी चार दिवस हिला बोलतेय."

"हो."

त्या बाहेर गेल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. सुनेला म्हणाल्या, "डाळ उरलीय ती तू खा, तुला आंबट आवडते." सुनेने घेतली.

त्यानंतर माझं काम धावलं. सहाव्या मजल्यावरच्या बाईने त्याच वेळी गौरीला झोके घेताना बघितलं होतं आणि गौर प्रसन्न झाली असं मानून कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण असं सांगितलं की ती कृपा निघून जाते, असं तिला वाटत होतं. मलाही तिने आवाज खाली आणून सांगितलं. मी तिला भूकंपाचं काही समजावलं नाही. तिची साक्ष मात्र वहीत लिहिली. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा छताला टांगलेला दिवा हलला होता, त्यांनी त्याचा दोष मेट्रोला दिला होता. आपल्या विंगमध्ये ज्या घरी त्या वेळी कोणी जागेवर बसलेलं होतं, त्या बहुतेक घरी काही ना काही हललं होतं. पहिल्या मजल्यावर नाही. ए विंगमध्ये मी आणखी दोन घरी जाऊन आले, कोणाकडेच नाही.

हे मला कळेना. एकच गेट, एकच बिल्डर, मध्ये जेमतेम एक बॅडमिंटनचं मैदान. एक इमारत हलते आणि दुसरी हलत नाही, असं म्हटलं तर तुमचे बाबा पहिला प्रश्न हाच विचारणार होते.

बुधवारी मासळीवाली आली. ती डोंगरीहून येते, उत्तनच्या बाजूच्या गावातून, रिक्षाने. माझ्याच वयाची आहे. मी चक्कर येऊन पडले होते तेव्हा तीन आठवडे तिने मला मासळी स्वतः साफ करून दिली. तिलाही मी विचारलं, शुक्रवारी सकाळी गावात काय होतं.

"कशाला विचारतेस, बाय? काय झालं?"

शेवटी मी सरळ सांगितलं.

"हाललं बिललं काय न्हाय," ती म्हणाली. "आमचं गाव कातळावर हाय. घराचा पाया खणायचा तर दगड फोडायला मानसं लागतात. तो काय हालतोय?" मग तिने पाटीवरची मान वर करून आपल्या इमारतीकडे बघितलं. "तुमचं येगळं हाय. हिथं मिठागर होतं."

"ते माहीत आहे."

"सगळं न्हाय माहीत तुला. माझा बाप हिथं मीठ ओढायचा. मी भाकर घेऊन यायची. ह्या तुमच्या बिल्डिंगीखाली पानी साठवायचं तळं होतं. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत चिखल. न तिकडं," तिने ए विंगकडे कोयता दाखवला, "तिकडं टेकाड होतं, मुरमाचं. मीठ भिजू नये म्हणून राशी तिकडं लावायचे. तळं भरून काढलं, टेकाड कापलं, न वर घरं बांधली. तुला वाटतं सगळं सपाट हाय."

बांगडे कापत कापत तिने मला जे सांगितलं, ते मी अठ्ठावीस वर्षं इथे राहून कधी कोणाला विचारलं नव्हतं.

आता तुम्हाला समजावते. खरवस तुम्हाला आवडतो. वाटीत केलेला खरवस पाटावर ठेवा आणि पाटाला हलकी टिचकी मारा. वाटी हललेली दिसतसुद्धा नाही, पण आतला खरवस थरथरत राहतो. टिचकी एकच असते. भूकंपाची लाट कातळातून भरकन निघून जाते, मऊ चिखलात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा मोठा होतो. डोंगरीचा कातळ म्हणजे पाट. ए विंगखालचा मुरूम त्याच्या जवळचा. आणि आपण खरवसावर राहतो. शिवाय लांबून आलेल्या लाटेचे हेलकावे संथ असतात, ते उंच घराच्या वरच्या मजल्यांना जास्त जाणवतात, म्हणून पहिल्या मजल्यावर काही कळलं नाही. ऑफिसात एकदा एका भूकंपानंतरचे दावे आले होते. एकाच गल्लीतली दोन घरं, एकाच्या भिंती फुटलेल्या, दुसऱ्याचा कपसुद्धा पडला नव्हता. मला संशय आला होता की पहिला माणूस खोटं बोलतोय. आमचा तपासनीस म्हणाला होता, "बाई, कागद बाजूला ठेवा, जमीन कुठली आहे ते विचारा." मी तेव्हा विचारलं, दावा मंजूर झाला आणि विसरले.

शनिवारी सकाळी तुमच्या बाबांना फोन केला. वहीतून एकेक नोंद वाचली, घर, मजला, माणूस कुठे होता, काय बघितलं. चॅटची वेळ सांगितली. मासळीवालीचं तळं आणि टेकाड सांगितलं. पारोशाच्या ठिकाणी ते हसले.

"ठीक आहे," शेवटी म्हणाले. "तुझं डोकं जागेवर आहे. मानलं."

"पुण्याला नाही कळवून टाक."

"थांब. तू आत्ता मला काय सिद्ध करून दाखवलंस, कळतंय का तुला? डोकं ठीक आहे आणि घर चिखलावर आहे. हे ऐकून मी तुला तिथे कसा राहू देऊ?"

आठ दिवस मी एकाच बाजूने विचार केला होता. मी जिंकलेला दावा उलटा माझ्याच अंगावर आला होता. मी म्हटलं, "वचन चक्करबद्दल होतं, जमिनीबद्दल नव्हतं."

"आई, हा वकिली मुद्दा झाला."

"आहेच. पण दुसराही आहे. मी पुण्याला गेले तर विंग हलायची थांबणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी तिथेच राहतील. मी घर तपासून घेते. इंजिनिअरने राहू नका म्हणून लिहून दिलं, तर सगळ्यांच्या आधी मी निघेन. हे नवीन वचन."

ते म्हणाले, "इंजिनिअरचा रिपोर्ट मला पाठवायचा. पूर्ण. निवडक पानं नाही." ते माझेच चिरंजीव आहेत.

सोसायटीचे सेक्रेटरी ए विंगमध्ये राहतात. आमच्याशी हिंदीत बोलतात. मी वही घेऊन गेले. "आंटी, एक झूला हिला और आप पूरी बिल्डिंग का ऑडिट मांग रही हैं?" ते म्हणाले. मी म्हटलं, झूला एक नहीं, तीन. आणि नकाशा उघडला. ते म्हणाले, इमारतीला तीस वर्षं झाली की ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावीच लागते, दोन वर्षं बाकी आहेत, तेव्हा बघू. मी त्यांना हाताला धरून खाली नेलं, आपल्या विंगच्या खांबांपाशी. तिथले पोपडे रोज सगळेच बघतात. एका खांबाचं प्लॅस्टर फुगलं होतं, मी किल्लीने टोकरलं तर हातभर निघून आलं आणि आत गंजलेली सळी दिसली. आपली गाडी तिथून दुसरीकडे लावायला सेक्रेटरींनी लगेच वॉचमनला सांगितलं.

ऑडिटच्या मागणीवर बी विंगच्या सह्या गोळा करायला मला तीन दिवस लागले. काही पुरुषांना भीती होती की ही गोष्ट बाहेर गेली तर फ्लॅट विकले जाणार नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई त्यांतल्या एकाला जिन्यात म्हणाल्या, "विकायचाय तर खांब दुरुस्त करून विका, मोडका माल कशाला गळ्यात मारता लोकांच्या?" त्याने सही केली. सेक्रेटरींनी सभा लावली, आणि ए विंगमधल्या त्या गजरा करणाऱ्या बाईने ऑडिटच्या बाजूने हात वर केला तेव्हा मला आश्चर्य वाटलं. तिची गौर तर हललीसुद्धा नव्हती.

इंजिनिअर आले, हातोडीने प्रत्येक खांब वाजवून गेले, यंत्र लावून गेले. मी मागे वही घेऊन होते. मला बघून ते म्हणाले, "मावशी, जमीन मी बदलू शकत नाही." मी म्हटलं, "खांब बदलू शकता का?" ते म्हणाले, "मजबूत करू शकतो." रिपोर्टमध्येही तेच आलं. इमारत चिखलाखालच्या घट्ट थरापर्यंत नेलेल्या पायांवर उभी आहे, तिथे भीती नाही, लोकांनी घरं सोडायची गरज नाही. खालचे चौदा खांब मात्र ओलीने कमजोर झाले आहेत, ते सोलून, नवी सळी बांधून जाड करायला हवेत. संपूर्ण रिपोर्ट तुमच्या बाबांना पाठवला आहे. त्यांनी दोन चुका काढून परत पाठवला, त्यातली एक खरी होती.

तुमचे बाबा अजून म्हणतात की काम चालू आहे तोवर तरी पुण्याला जाऊन राहा. ते जमणार नाही. खांब सोलला की इंजिनिअरचा माणूस सळी बघतो, आणि मग सोसायटीतर्फे कोणीतरी बघून सही केल्याशिवाय नवं काँक्रीट चढवायचं नाही असं सभेत ठरलं. ते काम मी मागून घेतलं आहे. सकाळी साडेआठला खाली जाते, कठडा धरून, सावकाश. आवाज फार असतो, म्हणून या महिन्यात तुम्ही फोन केलात तर तुमच्याकडे उजाडल्यावर करा, तेव्हा इथे काम बंद झालेलं असतं. पाच खांब झाले आहेत. उद्या सहावा.